अमुकच्या जागी

पुस्तकाला पाय लागला तशी सुवर्णा जागच्या जागी थबकली. नाशकातल्या शालिमारच्या फुटपाथवर संध्याकाळची गर्दी, मागून कुणी तरी "सरका हो ताई पुढं" म्हणत लोटतंय, हातातल्या पिशवीत दुधी आणि त्यावर बेलाची पुडी, दिवसभराच्या उपासानं डोकं हलकं झालेलं, आणि चपलेतून बाहेर आलेल्या अंगठ्याला त्या गुळगुळीत पुठ्ठ्याचा गार स्पर्श. ती वाकली, पुस्तकाला हात लावला, तो कपाळाला नेला. असं ती दिवसातून कितीदा करत असेल. वर्तमानपत्राला, उंबऱ्याशी पडलेल्या लग्नपत्रिकेला, ऑफिसात प्रिंटरखाली साठलेल्या कागदाच्या गठ्ठ्यालासुद्धा. हात आपोआप जायचा आणि मन तोवर पुढच्या कामाला लागलेलं असायचं. पण आज मान वर केली तर जुन्या पुस्तकांच्या ढिगामागे बसलेला गोरक्ष तिच्याकडे बघून हसत होता.

"घ्या आता," तो म्हणाला. "नमस्कार केला म्हणजे तुमचं झालं."

"अहो, पाय लागला म्हणून केला."

"मग तर घ्यायलाच पाहिजे. पाय लावून तसंच कसं सोडून जाता? सकाळपासून भोपळा फुटला नाय ताई. लय जाड पुस्तक हाय, रद्दीत घातलं तरी वजन भरंल." त्यानं पुस्तक उचलून बाहीनं पुसलं आणि उलटंसुलटं पाहिलं. "कॉम्प्युटरचं दिसतंय. मुलगा कितव्या वर्षाला हाय?"

"दुसऱ्या," सुवर्णा म्हणाली.

म्हणून गेली, आणि मग बसमध्ये खिडकीशी बसून पंचवटीपर्यंत तेच एक उत्तर चघळत राहिली. सोमवारचा उपास, जिभेवर खोटं येऊ द्यायचं नाही हा तर आईच्या घरापासूनचा नेम, आणि कोण कुठला गोरक्ष, त्यानं सहज विचारलं तर तोंडातून अख्खा मुलगा बाहेर पडला. तोही दुसऱ्या वर्षाचा. पहिल्याचा नाही, तिसऱ्याचा नाही. जणू मनात कुठं तरी कुणी तरी त्याचं वय मोजत बसलं होतं आणि विचारल्याबरोबर चटकन सांगून मोकळं झालं. खरं तर गेले पंधरवडाभर प्रत्येक जण तिला हेच विचारत होता. मेन रोडवरच्या दुकानदारानं कॉम्प्युटरची पुस्तकं म्हटल्यावर परीक्षेची गाईडं पुढ्यात टाकली होती आणि "चिरंजीवांचं कॉलेज कुठलं?" म्हणाला होता. तेव्हा तिनं काहीच सांगितलं नव्हतं. नुसती हसली होती. ते हसूही थोडं खोटंच की, असं तिला आता वाटलं. बस गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीवरच्या, पुलावर आली, घाटावरचे दिवे दिसले, सवयीनं हात जोडले गेले. मग तिनं मांडीवरचं पुस्तक उघडून नाव वाचलं. इंग्रजीत लिहिलं होतं, पुन्हा पुन्हा वापरता येणारे सॉफ्टवेअरचे भाग. ती हेच शोधत होती. देवानं पायाशी आणून टाकलं म्हणावं, तर पाय लावून घ्यावं लागलं.

शोधायची वेळ आली ती राज सरांमुळं. सातपूरच्या ज्या कारखान्यात सुवर्णा इतकी वर्षं कॉम्प्युटर विभाग सांभाळत होती तिथं उन्हाळ्यात पुण्याहून हे नवे साहेब आले. वयानं तिच्याहून बरेच लहान, बोलायला गोड, पण बूट घालून थेट कॉम्प्युटर रूममध्ये शिरणारे. तिथं आजवर सगळे चपला बाहेर काढून जात. धूळ नको म्हणून पहिल्या साहेबांनी तसा नियमच केला होता, आणि सुवर्णाला तो फार आवडला होता. दाराशी चपला काढायच्या, गार फरशीवर पाय ठेवायचा, मशीनची ती सारखी एका सुरातली घरघर ऐकायची. देवळातून निघून देवळातच आल्यासारखं वाटायचं. कामगारांची हजेरी, पगार, स्टोअर, कँटीनची कुपनं, सगळे प्रोग्राम तिनं एकटीनं लिहिलेले. आता दोन हजार साल तोंडावर आलं होतं. कॉम्प्युटरला साल दोनच आकड्यांत सांगायची सवय, त्यामुळं शून्य-शून्य दिसलं की तो एकोणीसशे साल समजणार आणि माणसांच्या नोकरीची वर्षं उणे काढणार. ते दुरुस्त करायला बसल्यावर तिला कळलं, की पाळीचे तास आणि तारखा मोजायचा तोच एक तुकडा तिनं जागोजागी उतरवून ठेवला आहे. हजेरीत तोच, पगारात तोच, स्टोअरमध्ये तोच, आणि दर ठिकाणी वेळेला लागला तसा जरासा वाकवलेला. एका घरात प्रत्येक खोलीत वेगळी चूल मांडून ठेवावी तसं. शोधून शोधून डोळे दुखायला लागले.

राज सरांनी ते पाहिलं. "मॅडम, हे असं नाही चालणार. एक तुकडा एकदाच लिहायचा आणि सगळीकडे तोच लावायचा. कंपोनंट. दिवाळीनंतर सिन्नरचा प्लांट चालू होतोय, तिथंही हेच सगळं लागणार. तुमच्याकडून झालं तर उत्तम. नाही झालं तर पुण्याची एक पार्टी तयार पॅकेज देते आहे, ते घेऊ. मग इथं मात्र फारसं काम राहणार नाही." थोडं थांबून ते म्हणाले, "तसं झालं तर सिन्नरच्या स्टोअरला माणूस हवाच आहे. तुमची काय इच्छा आहे? मोकळेपणानं सांगा."

"तुम्ही म्हणाल तसं, सर," सुवर्णा म्हणाली होती.

सिन्नर म्हणजे अंधारात घर सोडायचं आणि अंधारातच परत यायचं. कंपनीची बस पहाटेच्या पाळीची, पूजा त्याआधी उरकायची म्हणजे रात्रीच उठायचं. संध्याकाळी देवापाशी दिवा कोण लावणार? सासूबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यात सावल्याच दिसायच्या, काडी ओढली की पदर सांभाळताना त्यांची तारांबळ. नवऱ्याचं, महेशचं, औषधाचं दुकान, म्हणजे मालकाचं दुकान आणि याची नोकरी, तो जेवायला येई तेव्हा गल्ली झोपलेली असे. आणि यातलं काही नसतं तरी तिला तिथं जायचं नव्हतं. स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजत बसायचं नव्हतं. ही गोष्ट तिच्या पोटात दगडासारखी स्पष्ट होती, आणि तोंडातून आलं ते "तुम्ही म्हणाल तसं." तेही असं गोड आवाजात, की राज सरांना वाटलं असेल बाईंना दोन्ही सारखंच.

पुस्तकासाठी मग ती हिंडली. सार्वजनिक वाचनालयातलं सर्वांत नवं कॉम्प्युटरचं पुस्तक भोकं पाडलेल्या जुन्या पंच कार्डांबद्दल बोलत होतं. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लायब्ररीत ओळखीनं आत शिरली, तर तिथल्या बाईंनी कंपोनंट हा शब्द ऐकून तिला इलेक्ट्रॉनिक्सच्या कपाटापुढं उभं केलं. रेझिस्टर, कपॅसिटर, रंगीत पट्ट्यांची चित्रं. "यातलं कुठलंही नेऊ शकत नाही हं बाहेर," त्या बाई म्हणाल्या. "इथंच बसून बघा." तीही चांगल्या घरची शहाणी मुलगी असल्यासारखी बसून रेझिस्टरची चित्रं बघत राहिली, कारण कपाट उघडून दिल्यावर लगेच निघून जाणं बरं दिसलं नसतं.

आता पायाशी आलेलं पुस्तक घरी आणलं, हळदीकुंकू वाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळ झाल्यावर आसनावर बसून तिनं पहिलं पान उघडलं. इथंच तिची चूक झाली. चूक म्हणायची का हेही तिला पुढं कधी ठरवता आलं नाही. पोथी मधून उघडायची नसते, अध्याय अर्धवट सोडून उठायचं नसतं, एखादी ओळ गाळली तर मागं जाऊन वाचायची, हे तिच्या हाडीमासी खिळलेलं. पुस्तक लिहिणाऱ्यानं प्रस्तावनेतच सांगितलं होतं की ज्याला जे प्रकरण लागेल त्यानं तेवढंच वाचावं. पण ती प्रस्तावनाही तिनं भक्तिभावानं वाचली आणि लगेच पुढचं पान उलटलं. दोन दिवसांत कळून चुकलं की पुस्तकातली उदाहरणं भलत्याच कुठल्या तरी भाषेतली आहेत. ती भाषा सातपुरात काय, नाशकातही कुणी वापरत नसेल. रांगा कशा लावायच्या, चवड कशी रचायची, एकाला एक जोडून माळ कशी करायची, असले तुकडे पानोपानी. तिला लागणारं पाळीचं, तारखांचं, पगाराचं एक अक्षर नाही. दुसरं कुणी असतं तर पुस्तक मिटलं असतं. पण नमस्कार करून घेतलेलं, पाय लागलेलं, आरंभलेलं पुस्तक अर्धवट कसं टाकायचं? सोमवारी देवावरचा बेल धुऊन कोरडा केला की त्यातलं एक पान ती खुणेला पुस्तकात घालायची आणि दुसऱ्या सोमवारी तेच धुऊन पुन्हा वाहायची. बेलाला शिळेपण नाही. बाकी फूल एकदा वाहिलं की निर्माल्य.

"पारायण कुठवर आलं?" महेश रात्री ताटावर बसला की विचारायचा.

"सातवा अध्याय चालू आहे."

"कळतंय का काही?"

"काही काही."

"फलश्रुती आली की सांग बुवा. पगार वाढतो, पुत्रपौत्र होतात, जे काय असेल ते." मग आपण काय बोलून गेलो हे ध्यानात येऊन तो भाकरी मोडत खाली बघायचा, आणि सुवर्णा वाटीत आमटी वाढायची. या घरात तो शब्द असाच अधूनमधून सांडायचा आणि कुणीही न बोलता तो पुसून घेतला जायचा. फार वर्षं झाली होती. दुखायचंही राहिलं नव्हतं. गुडघा पाऊस यायच्या आधी ठणकतो तेवढंच.

दिवस भराभर चालले होते. पितृपक्ष संपला, घट बसले. अध्यायामागून अध्याय वाचून होत होते आणि ऑफिसात मात्र ती अजून जुनेच तुकडे शोधून दुरुस्त करत होती. एका संध्याकाळी हरून पुन्हा शालिमारला गेली. "दुसरं आहे का हो? यातलंच, पण जरा कामाचं?" गोरक्षनं तिला ओळखलं. "जमलं नाय का पोराला? ताई, पुस्तकात नसतंय वो सगळं. ते पोरानं जुळवायचं असतंय." त्यानं तिच्यासाठी ढीग उपसला, वरखाली केला. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, एक फाटका शब्दकोश, टायपिंगचं एक. काही मिळालं नाही. "अभ्यास करतो ना पण?" त्यानं विचारलं. "करतो," सुवर्णा म्हणाली, "पहाटे उठतो," आणि पुढं चालायला लागली. रडावं की हसावं, तिला कळेना. पहाटे उठून आसनावर बसणारा तिचा मुलगा.

तो अध्याय शेवटाकडचा होता. भाषा नेहमीचीच रुक्ष. पण लिहिणाऱ्यानं एका ठिकाणी सांगितलं होतं, की जो तुकडा अनेकांनी वापरायचा त्याच्या पोटात कुणा एकाची माहिती असता कामा नये. वापरणारा कोण, त्याचं गाव कोणतं, त्याला काय हवं, हे तुकड्याला ठाऊक नसावं. त्या जागा मोकळ्या सोडाव्यात, आणि बोलावणाऱ्यानं बोलावतेवेळी त्या भराव्यात. सुवर्णानं ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि पुस्तक मिटून कपाळाला लावलं. तिच्या प्रत्येक तुकड्यात सातपूर लिहिलेलं होतं. पहिली पाळी सातची, जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, गुरुवारी वीज नाही म्हणून सुट्टी गुरुवारी. सगळं पोटात घट्ट विणलेलं. म्हणून दर ठिकाणी नवा उतारा आणि दर उताऱ्याला नवी मोडतोड. त्या दिवशी ती ऑफिसात जाऊन बसली, चहाला उठली नाही, आणि तिनं तो तुकडा नव्यानं लिहिला. त्यात सातपूर नव्हतं, पाळी नव्हती, साल नव्हतं. होत्या नुसत्या मोकळ्या जागा. दोन-तीन दिवस घासूनपुसून झाल्यावर सिन्नरच्या नव्या कामगारांची नावं तिनं त्यात घातली आणि बटण दाबलं. प्रिंटर करकरत चालला. कागद बाहेर आला. डावीकडे नावं एकाखाली एक, अगदी सरळ रेषेत, आणि उजवीकडे, जिथं कामाचे तास यायचे, तिथं कोरं. खालपर्यंत कोरं. पाळीची वेळ सांगायची ती विसरली होती. नवल याचं की कॉम्प्युटर ओरडला नाही. चूक झाली की एरवी तो टिंग करून थांबायचा, लाल अक्षरांत दटावायचा. आता त्यानं काही म्हटलं नाही. मागितलं तसं सगळं यथासांग केलं, शांतपणे सुरू झाला, शांतपणे संपला, आणि रिकामा परत आला.

सुवर्णा तो कागद हातात धरून उभी राहिली. पायाखालची गार फरशी, मशीनची घरघर, आणि त्या घरघरीत तिला सासऱ्यांचं खोकणं ऐकू आलं. लग्नानंतरचं दुसरं वर्ष. याच पंचवटीतल्या दोन खोल्या, पुढच्या खोलीत खाटेवर पेपर वाचत सासरे, मधे नुसता पडदा, आणि ती पाटावर बसलेली, समोर वाळूची पिंड. सोळा सोमवार धरलेले. सासूबाईंनी त्यांची स्वतःची पोथी दिली होती, तुपाच्या बोटांनी कोपरे पारदर्शक झालेली. तळहातावर पाणी घेऊन संकल्प म्हणायचा. त्यात छापलेलं, अमुक गोत्र, अमुक नाव, अमुक कामना सिद्ध व्हावी म्हणून. आणि पानाच्या तळाशी बारीक टाइपात सूचना, अमुकच्या जागी आपापलं गोत्र, नाव व इच्छा म्हणावी. तिनं सूचना वाचली होती. गोत्र म्हटलं, नाव म्हटलं. मग तिसरा अमुक आला आणि पडद्यापलीकडे सासरे खोकले. मूल हवं, असं त्या पडद्यापाशी मोठ्यानं म्हणायचं? जीभ टाळूला चिकटली. तळहातातलं पाणी कोमट झालं. ती म्हणाली, "अमुक कामना." जसं छापलं होतं तसं. देवाला काय सांगावं लागतं, तो जाणतोच, असं तेव्हा मनाशी म्हटलं, आणि पाणी ताम्हनात सोडलं. पुढच्या सोमवारी तेच. त्याच्या पुढच्याही. उद्यापन झालं, जोडपी जेवली, चूर्म्याचे तीन भाग झाले. मग काही वर्षांनी महेशची आधीची नोकरी गेली तेव्हा तेच व्रत पुन्हा, सासूबाईंच्या डोळ्यांच्या वेळी पुन्हा, आणि यंदा श्रावणात पुन्हा. विधी तोच, पोथी तीच, आणि त्या जागी आलं की तिच्या तोंडून सवयीनं तोच शब्द. पडदा केव्हाच काढला होता. सासरे जाऊनही किती दिवस झाले. खोकला तेवढा राहिला होता.

इतकी वर्षं मी मागितलंच नाही, तिला वाटलं. सगळं केलं. उपास, बेल, दिवा, एकही सोमवार चुकवला नाही, आणि मागायची जागा कोरी ठेवली. चूक झाली असं कुणी सांगितलं नाही. टिंग वाजलं नाही. तिला रडू आलं नाही. फार लांबून चालत आल्यावर, वाट सुरुवातीलाच चुकली होती असं कळावं, आणि आता तक्रारीचंही बळ नसावं, तसं काही तरी झालं. तिनं खुर्ची ओढली, बसली, पाळीची वेळ भरली आणि पुन्हा बटण दाबलं. या खेपेला तास आले. बरोबर आले.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी राज सरांनी ते चालवून पाहिलं. सातपूर भरलं, सातपूरचं आलं. सिन्नर भरलं, सिन्नरचं आलं. साल दोन हजार भरून पाहिलं, तरी कुणाची नोकरी उणे निघाली नाही. सरांनी टेबलावर थाप मारली. "मॅडम, कमाल! कुठून शिकलात हे?"

"एक पुस्तक मिळालं, सर. जुनं."

"मानलं. पुण्याचं पॅकेज कॅन्सल." सुवर्णाच्या छातीवरचं ओझं उतरतंय न उतरतंय तोच ते पुढं म्हणाले, "आता तर हे सगळं आपोआपच चालेल. इथं रोज बघायची गरज नाही. मी म्हणतो, तुम्हीच सिन्नरला चला. हे तिथं बसवून द्या आणि मग स्टोअरचं बघा. तुमच्यासारखं माणूस कुठंही उपयोगी पडतं. चालेल ना?"

तिच्या ओठांशी ते वाक्य तयार होतं. आयुष्यभर तयार होतं. तिनं ते तिथंच धरलं. "उद्या सांगते, सर," ती म्हणाली. राज सरांच्या चेहऱ्यावर किंचित आश्चर्य आलं, खुर्चीनं उत्तर द्यावं तसं. दाराबाहेर तिनं डावी चप्पल उजव्या पायात घातली आणि पुन्हा काढली.

त्या दिवशी शालिमारला ती उतरली ती बेल घ्यायला. गोरक्षनं लांबूनच हाक मारली. "काय ताई, पास झाला का?"

सुवर्णा थांबली. गर्दी दोन्ही अंगांनी वाहत होती. "गोरक्षभाऊ," ती म्हणाली, "मला मुलगा नाही. पुस्तक माझंच होतं. माझ्या नोकरीसाठी."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग पुस्तकांकडे. एक पुस्तक उगाच सरळ केलं. "असं व्हय," तो म्हणाला. "मग तुम्ही पास झाल्या का ते सांगा."

"झाले. पण आता लांब जा म्हणतायत. सिन्नरला."

"जायचंय का?"

"नाही."

"मग नाय म्हणायचं. त्यात काय एवढं?" आणि गिऱ्हाईक आलं तसा तो तिकडे वळला. काय एवढं. खरंच काय एवढं? बसमध्ये पुलावर हात जोडताना तिनं तो शब्द ओठांत म्हणून पाहिला. अवजड होता. परक्या गावच्या बोलीतला असल्यासारखा.

घरी सासूबाई, यशोदाबाई, दिवा लावायला खोळंबल्या होत्या. सुवर्णानं हातपाय धुतले, वाळूची पिंड मांडली, पुस्तकातलं बेलाचं पान काढून धुतलं आणि नव्या पानांबरोबर ठेवलं. पोथी उघडली. पाणी तळहातावर घेतलं. आणि मग, विचारायचं असं काही ठरवलेलं नसताना, विचारून बसली. "आई, तुम्ही सोळा सोमवार केलेत तेव्हा संकल्पात काय म्हणायचात?"

"काय म्हणजे? पोथीत आहे ते."

"इच्छा म्हणायची असते ना, अमुकच्या जागी?"

यशोदाबाई भिंतीला टेकून वाती वळत होत्या. बोटं थांबली. "अगं, सासूबाई इकडे, मामंजी तिकडे, माझं वय ते काय, इच्छा कुठली बोलते मी! अमुकच म्हणायचे. शेवटपर्यंत अमुक." त्या स्वतःशीच हसल्या. "आणि महेश झाला की."

सुवर्णा त्यांच्याकडे बघत राहिली. म्हणजे तेही नाही. तेवढंही कारण नाही. त्या दिवशीच्या कोऱ्या कागदाबरोबर तिनं एक चूक जवळ केली होती. जड होती, पण तिची होती, इतक्या वर्षांच्या रिकामेपणाला निदान एक नाव मिळालं होतं. आता तीही काढून घेतली. दिव्याची ज्योत सरळ उभी होती. बाहेर कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली.

"तू काय म्हणायचीस?" यशोदाबाईंनी विचारलं. त्यांचा न दिसणारा डोळा सुवर्णाच्या बाजूला वळलेला होता.

"मीही अमुकच."

"हं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा वात वळायला लागल्या. "मला वाटायचं, मनात म्हणत असशील."

सुवर्णानं संकल्प सुरू केला. गोत्र आलं, म्हटलं. नाव आलं, म्हटलं. तिसऱ्या जागेशी आली आणि थांबली. बोटांच्या फटींतून पाणी ठिबकायला लागलं. जुनं मागणं त्या जागेत मावेना. त्याचा काळ उलटून गेला होता. सुख, शांती, सर्वांचं कल्याण, हे शब्द आले आणि तिनं ते जाऊ दिले, तेही अमुकचेच भाऊबंद. मग पोटातला तो दगड हलला.

"मला सिन्नरला जायचं नाही," ती म्हणाली. संस्कृतच्या मधोमध, मराठीत, मोठ्यानं. "मी इथंच काम करणार."

खोलीत ते वाक्य फार उघडं ऐकू आलं. यशोदाबाईंनी मान वर केली.

"एवढंच?"

"आत्ता एवढंच."

"मग सोड की पाणी. निम्मं गळून गेलं."

तिनं पाणी सोडलं. ताम्हनात थेंबभर आवाज झाला. बेल वाहताना हात शांत होता, आणि इतकी दमणूक अंगात भरून आली की पूजा संपताच पाटावरच पडावं असं वाटलं. उद्या राज सरांपुढं उभं राहायचं होतं. त्यांना काय सांगायचं याचा विचार करायला आता नको होतं. वाक्य तयार झालेलं होतं. त्यातला एकही शब्द बदलायचा नव्हता, फक्त आधी महादेवाच्या जागी सर म्हणायचं.